एकटा मुसाफिर

विद्यार्थी मित्रांनो, संध्याकाळच्या वेळी तुम्ही गुलमंडीच्या चौकात कधी उभे राहिला आहात का? ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मंडी’ म्हणजे बाजार, हे तुम्हांला कुणी सांगायला नको. पैठण गेटकडून आणि सिटी चौकाकडून माणसांची रीघ लागलेली असते. कुणी कापड पाहतो, कुणी भाव करतो, कुणी नुसताच फिरतो. या गर्दीत एखादा परदेशी पाहुणाही दिसतो. पाठीवर पिशवी, हातात मोबाइल. जे पाहील त्याची तो चित्रे टिपतो आणि दूरदेशी आपल्या लोकांना दाखवतो. पण इथे त्याला कुणी ओळखत नाही. अशा माणसाच्या मनात काय चालले असेल?

आज आपण अशाच एका मुसाफिराची गोष्ट वाचू. तो गुलमंडीत आला नव्हता, कारण तेव्हा आपले शहरच वसलेले नव्हते. पण इथून सुमारे पंधरा किलोमीटरांवर असलेल्या दौलताबादला तो आला होता. त्याचे नाव इब्न बतूता.

इब्न बतूताचा जन्म १३०४ साली आफ्रिका खंडाच्या उत्तर टोकाला, मोरोक्को देशातील तंजा या शहरात झाला. त्याचे घराणे काजींचे होते. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजच्या यात्रेसाठी निघाला. बरोबर ना मित्र, ना काफिला. आईवडील हयात होते. त्यांना सोडून जाताना आपल्याला फार दुःख झाले, असे त्याने पुढे सांगितले आहे.

वाटेत त्याला ताप आला. सोबतच्या प्रवाशांनी थांबण्याचा सल्ला दिला. तो म्हणाला, मरण लिहिलेच असेल, तर ते मक्केच्या वाटेवर येऊ दे. त्याने आपले गाढव आणि जड सामान विकून टाकले. एका सोबत्याने त्याला जनावर आणि तंबू उसना दिला. अंगात ताप असतानाच तो पुढे चालत राहिला.

शेवटी सारे ट्युनिस शहराच्या वेशीवर पोहोचले. गावातील लोक सामोरे आले होते. जो तो आपापल्या माणसाला सलाम करत होता, गळाभेट घेत होता. इब्न बतूताजवळ मात्र कुणी आले नाही, कारण त्याला तिथे कुणी ओळखतच नव्हते. त्याला रडू कोसळले. तेवढ्यात एका यात्रेकरूचे त्याच्याकडे लक्ष गेले. तो पुढे आला, त्याने सलाम केला, चार गोड शब्द बोलला आणि शहरात शिरेपर्यंत त्याची सोबत केली.

मुलांनो, ही गोष्ट किती लहान आहे! एक सलाम आणि चार शब्द. पण तीस वर्षांनी, आपल्या प्रवासाची हकिकत सांगताना, इब्न बतूता ती विसरला नव्हता. आणि गंमत पाहा. काही दिवसांनी ट्युनिसहून यात्रेकरूंचा काफिला निघाला, तेव्हा त्या काफिल्याचा काजी म्हणून याच रडणाऱ्या तरुणाची निवड झाली. घरी राहिला असता, तर त्याला असे एकट्याने उभे राहता आले असते का?

हज झाला तरी तो परतला नाही. पाहिलेल्या वाटेने शक्यतो पुन्हा जायचे नाही, असा त्याचा नियम होता. फिरत फिरत १३३३ साली तो सिंधू नदीवर आला. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने त्याला काजी नेमले. १३४२ साली सुलतानाने त्याला आपला दूत म्हणून चीनकडे पाठवले. बरोबर शेकडो स्वार आणि मौल्यवान नजराणे होते. तरीही अलीगडजवळ झालेल्या चकमकीत त्याची आणि सोबत्यांची चुकामूक झाली. लुटारूंनी त्याला पकडले, त्याचे कपडेही काढून घेतले. त्यांच्या तावडीतून सुटल्यावर तो रानावनात उपाशीतापाशी लपत राहिला. अखेर एका अनोळखी माणसाने त्याला खाऊपिऊ घातले आणि खांद्यावर घेऊन गावापर्यंत पोहोचवले. सुलतानाच्या दूताला पुन्हा एका परक्याच्या मायेनेच वाचवले.

त्याच प्रवासात तो दौलताबादला आला. उंच कड्यावरचा किल्ला, तिथले द्राक्षांचे आणि डाळिंबांचे पीक, गायकांचा स्वतंत्र बाजार, हे सारे त्याने पाहिले. पुढे नंदुरबारचे मराठे लोक कारागिरीत, वैद्यकात आणि ज्योतिषात कुशल आहेत, असे त्याने नोंदवले. ते भात, भाजी व तिळाचे तेल खातात आणि जेवणाआधी स्नान करतात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. ज्यांची भाषा व धर्म त्याचा नव्हता, त्यांच्या घरातील स्वच्छतेकडे त्याने आदराने पाहिले.

पण त्याच्यातही उणिवा होत्या. १३५२ साली तो सहारा वाळवंट ओलांडून माली या कृष्णवर्णीय लोकांच्या राज्यात गेला. राजाकडून भेट आली आहे, असे कळताच त्याला वाटले, भरजरी पोशाख आणि पैसे असतील. पाहतो तर तीन भाकऱ्या, थोडे मांस आणि भोपळ्याच्या भांड्यात दही! त्याला हसू आले. तिथल्या काही रीतींनाही त्याने नावे ठेवली. तरी त्याच मालीविषयी त्याने असेही सांगितले, की इथे अन्याय फार कमी आहे आणि प्रवाशाला चोराचे भय नाही. आवडले नाही ते सांगितले, पण चांगले होते ते लपवले नाही. प्रवाशाच्या अंगी हा प्रामाणिकपणा हवाच.

परत आला तेव्हा आईवडील हयात नव्हते. प्रवासाने त्याला खूप काही दिले, पण त्याची किंमतही मोठी घेतली. मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला वृत्तांत इब्न जुझय या लेखकाला सांगितला. १३५५ साली तो ग्रंथ पुरा झाला. तो ‘रिहला’ या नावाने जगभर वाचला जातो.

मित्रांनो, ज्याने १६१० साली खडकी, म्हणजे आपले शहर वसवले, तो मलिक अंबरही आफ्रिकेतूनच आला होता. पण तो आपल्या खुशीने निघाला नव्हता. लहानपणी त्याला गुलाम म्हणून विकले गेले होते. स्वतःची वाट स्वतः निवडता येणे, हे प्रत्येकाच्या नशिबी नसते. ज्याला ते लाभते, त्याने त्याची कदर करावी.

उद्या तुमच्यापैकी कुणी मुलगा, कुणी मुलगी शिक्षणासाठी एकटीच पुण्याला किंवा मुंबईला जाईल. पहिल्या संध्याकाळी बसस्थानकावर डोळे भरून आले, तर लाज वाटू देऊ नका. इब्न बतूताही रडला होता. डोळे पुसा, चार पावले पुढे चला आणि जे पाहाल ते वहीत लिहून ठेवा. आणि तोपर्यंत एक काम करा. गुलमंडीत एखादा परका माणूस गोंधळून उभा दिसला, तर आपणच पुढे व्हा, सलाम किंवा नमस्कार करा आणि विचारा, “आपल्याला कुठे जायचे आहे?” कोण जाणे, तीस वर्षांनी तो तुमचीच गोष्ट कुणाला तरी सांगत असेल!

शब्दार्थ
रीघ लागणे – रांगेने सतत येत राहणे
हकिकत – घडलेली गोष्ट
चुकामूक होणे – एकमेकांपासून दुरावणे
नावे ठेवणे – दोष काढणे

स्वाध्याय
१. ट्युनिसच्या वेशीवर इब्न बतूताला रडू का आले?
२. नंदुरबारच्या लोकांविषयी त्याने काय नोंदवले?
३. इब्न बतूता आणि मलिक अंबर यांच्या प्रवासात कोणता फरक होता?
४. ‘मी एकट्याने केलेला पहिला प्रवास’ या विषयावर दहा ओळी लिहा. प्रवास शेजारच्या गल्लीपर्यंतचा असला तरी चालेल.