वेलीचा महिना विचारून ये

बाळा, चार मित्रांना घेऊन नाशिकच्या वाइनच्या बागा बघायला येणार म्हणालास. ये, घर तुझंच आहे. पण हॉटेल, गाडी, सुट्टी हे सगळं ठरवायच्या आधी मला एक फोन कर आणि वेलीचा कुठला महिना चालू आहे ते विचार.

थंड देशांत हिवाळ्यात वेल आपोआप झोपते. आपल्याकडची झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. घड येतात ते गोडीनंतर, आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च उतरतात. लगडलेली बाग बघायची असेल तर त्याच दिवसांत या, फक्त तेव्हा आम्हाला बोलायला वेळ नसतो हे धरून चाला.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र बागेत शिरू नका. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. तिच्यातलं औषध अंगात गेलं आणि त्यावर माणूस दारू प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, चक्कर येते. पेस्ट लावणाऱ्यांना त्या दिवसांत घोटभरही घ्यायची नाही असं आम्ही हात जोडून सांगतो. तुम्ही तर वाइन चाखायलाच येणार. तेव्हा त्या दिवसांत बाग बांधावरूनच बघायची.

घड दिसला की हात शिवशिवतात, मला माहीत आहे. तरी लावू नका. मण्यावर पांढरट झाक असते, ती बोटानं पुसली जाते आणि परत येत नाही. खायच्या द्राक्षाला व्यापारी ती आधी बघतो. शिवाय कुठली फवारणी कधी झाली आणि तोडायला किती दिवस थांबायचं, हे बागवाल्यालाच ठाऊक. पानांवर निळसर डाग दिसले तर ते बोर्डो मिश्रणाचे असतात. खायची असतील तर माग, टोपली भरून देईन, धुऊन.

आता तीन वर्षांपूर्वीचं सांगते. फेब्रुवारीत आमची तोडणी होती. वाइनची द्राक्षं पहाटे अंधारात तोडतात, कारण घड गार असतानाच वायनरीत पोचावे लागतात. उन्हात तापले की क्रेटमध्येच रस सुटतो आणि नको ते आंबणं सुरू होतं. त्या पहाटे पाहुण्यांची एक गाडी शिवाररस्त्यावर आडवी लावलेली, आणि माणसं धरणाच्या कडेला सूर्योदय बघायला गेलेली. भरलेला ट्रॅक्टर मागे उभा. तुझे काका हाका मारत पाण्यापर्यंत पळत गेले. माणसं वाईट नव्हती रे, त्यांनी माफीही मागितली. पण ऊन चढलं होतं. त्या खेपेला भाव कापून मिळाला. अख्ख्या वर्षात आमची तोडणी एकदाच होते. तुमचा शनिवार पुन्हा येतो.

म्हणून गाडी आणूच नका. मुंबईहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस घ्या, नाशिकरोडला उतरा आणि दुसऱ्या दिवशी इथलाच गाडीवाला दिवसभरासाठी ठरवा. त्याच्या घरात चार पैसे जातील आणि वाट कुठे अडते हे त्याला सांगावं लागणार नाही. जेवायला त्याला तुमच्याच टेबलावर बसवायचं. आणि चाखलेल्या माणसानं गाडी हातात घ्यायची नाही. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, आणि तेवढं व्हायला फार लागत नाही. तुमच्यातला कोणी 21 च्या आतला असेल तर त्याला द्राक्षाचा रस.

चाखताना पेला पोटात रिकामा करायलाच हवा असं नाही. वास घ्या, घोट जिभेवर फिरवा, शेजारच्या भांड्यात थुंका. त्यात कुणाचा अपमान नाही, रोज चाखणारे असंच करतात.

पाण्याचं नीट ऐक. त्र्यंबक, इगतपुरीला पाऊस कोसळतो, पण काळ्या खडकावरून तो वाहून जातो. त्याच डोंगरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन लांब चालतात. हॉटेलात शॉवर सोडून गाणी म्हणू नकोस, बादली घे. गंगापूर धरणाच्या काठावर बाटली फोडू नका, फेकू तर नकाच. ते पाणी नाशिक पितं, आणि त्या काठावर गुरं उतरतात. मागच्या वर्षी आमच्या गायीच्या खुरात काच गेली होती. रिकाम्या बाटल्या आपल्याच पिशवीतून परत न्यायच्या.

अंजनेरीला जाणार असाल तर स्पीकर घरी ठेवा. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. पावसाळ्यात तिथे अंजनेरीच्याच नावाचं कंदीलपुष्प फुलतं. ते फार थोड्या जागी उगवतं, म्हणून मळलेली पायवाट सोडायची नाही. आणि त्र्यंबकला देवदर्शन करायचं असेल तर ते सकाळी, वायनरीच्या आधी.

बागेत काम करणाऱ्या बाया बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या. छाटणीला टोळीनं येतात, मुलंबाळं घेऊन. त्यांचा फोटो न विचारता काढायचा नाही. कात्री कशी धरता, किती डोळे ठेवता, असं विचारलंस तर खुलून सांगतील. आपल्या बागेतल्या एकीच्या नजरेला काडी बघूनच कळतं, इथे घड येणार की नाही. मी चाळीस वर्षं बागेत आहे, मला अजून तसं जमत नाही. तिच्याजवळ तासभर बस, वायनरीच्या फेरीत तुला ते कुणी दाखवणार नाही.

घरी न्यायला बेदाणा घ्यायचा तर शेतकऱ्याच्या दारातून घे, आणि फार घासाघीस करू नकोस. गारपिटीच्या वर्षी त्याच्याशी कुणी घासाघीससुद्धा करत नाही, कारण विकायलाच काही नसतं.

बरं, पंचवटीनं कल्याण सोडलं की फोन कर. काका स्टेशनवर येतील. आणि भाकरी किती जणांच्या टाकायच्या ते आदल्या दिवशीच सांग.