हातातील ज्ञान आणि वहीतील ज्ञान

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे अनेक कारखाने आहेत. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील वा काका तेथे कामास असतील. काही वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्यात जाण्याचा आम्हांस योग आला. त्याचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. तेथील एक वृद्ध मोल्डर निवृत्त झाले होते, आणि पुढच्याच पावसाळ्यात ओतलेल्या वस्तूंच्या अंगात भोके पडू लागली होती. भट्टी तीच, लोखंड तेच, वाळूही तीच. मग गेले काय?

गेली होती ती त्या मोल्डरची मूठ. साच्याच्या वाळूत चिकणमाती आणि शेकडा 3 ते 4 भाग पाणी मिसळलेले असते. पाणी अधिक झाले की लोखंडाचा तप्त रस पडताच त्याची वाफ होते, ती आत कोंडते आणि वस्तूत पोकळ्या राहतात. कमी पडले तर साचाच ढासळतो. हे गृहस्थ वाळूचा मुठीत गोळा करीत, त्यावर बोटांचे वळ नीट उठले की नाही ते पाहत, मग गोळा मोडून त्याच्या कडा निरखीत. पावसाळ्यात वाळू आधीच ओलसर असते, म्हणून पाणी हात राखून घालीत. तीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

आम्ही त्यांना दोष देत नाही. आपले कसब सांगून टाकले तर आपली गरज संपेल असे भय ज्याला वाटते, तो गप्प राहणारच. सांगणाराचा मान आणि त्याची भाकरी शाबूत राहिल्यावाचून ज्ञानाची देवघेव होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. निपाणीकडे तंबाखूचा शेंडा केव्हा खुडावा हे जुना शेतकरी पानाकडे पाहून सांगतो. तेही असेच हाताडोळ्यांतले ज्ञान होय.

ज्ञान लोकांपर्यंत पोचविण्याचा एक मोठा प्रयोग मूळचा आपल्या बेळगावचाच आहे. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथे सायकलींचे दुकान काढले. सायकल विकून ते थांबले नाहीत; ती चालविण्यासही शिकवू लागले. ज्याला बसताच येत नाही तो सायकल घेणार कशाला? पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा मात्र अडचण आली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर शेताच्या बांधापर्यंत गेला होता, त्यामागचे ज्ञान कारखान्यातच राहिले होते.

1910 साली हा कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. तेथून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. कारखान्याचे हे पत्र मराठीत होते, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले व ते घरोघरी वाचले जाऊ लागले.

परंतु छापील अक्षराने सर्वच साधते असे नाही. जपानात मात्सुशिता कंपनीला पाव करण्याचे घरगुती यंत्र बनवावयाचे होते, पण त्यात कणीक नीट मळली जाईना. तेव्हा कंपनीची एक तंत्रज्ञ स्त्री ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली उमेदवार राहिली. तो कणीक नुसती ताणीत नाही, तिला पीळही देतो, हे तिने पाहिले आणि यंत्राची रचना बदलली. नोनाका व ताकेउची या जपानी पंडितांनी 1995 च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे.

आमच्या त्या कारखान्यातही भिंतीवर सूचनांचा तक्ता होता. पण तो इंग्रजीत, आणि कामगार मराठी व कानडी घरांतले. अखेर मालकांनी त्या वृद्ध मोल्डरांना योग्य मोबदला देऊन सन्मानाने परत बोलावले. एका तरुण कामगाराने त्यांचे सांगणे वहीत उतरून घेतले, डाव्या पानावर मराठीत आणि उजव्या पानावर कानडीत. मूठ किती जोराने आवळावी, येथे मात्र लेखणी अडली. तेव्हा म्हाताऱ्यांनी मूठभर वाळू त्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून आपल्या हाताने त्याची मूठ आवळली.