‘म्हातारी’ शब्दाचा मान

‘म्हातारी’ हा शब्द वर्गात उच्चारताच मुले हसतात. वास्तविक तो मूळचा मानाचा शब्द आहे. संस्कृत ‘महत्तर’ म्हणजे अधिक मोठा. प्राचीन ताम्रपटांत गावच्या वडीलधाऱ्या प्रमुखांस ‘महत्तर’ म्हटले आहे. त्यावरूनच म्हातारा व म्हातारी हे शब्द आले. ‘आर्यिका’ म्हणजे आदरणीय स्त्री. तिचीच पुढे मराठीत ‘आजी’ झाली.

‘थेरडी’ हा आज तुच्छतेचा शब्द आहे. परंतु त्याचे मूळ ‘स्थविर’, म्हणजे वयाने व अनुभवाने स्थिरावलेला. ज्येष्ठ बौद्ध भिक्षुणींस पालीत ‘थेरी’ म्हणत. त्यांच्या काव्यांचा संग्रह तो ‘थेरीगाथा’.

नागपूरकडील घरांत ‘बुढी’ हा शब्द रूढ आहे. संस्कृत ‘वृद्ध’, प्राकृत ‘वुड्ढ’ आणि त्यापुढे ‘बुढा’, ‘बुढी’ असा त्याचा प्रवास आहे. मुलाच्या तोंडी तो आल्यास शिक्षकांनी अशुद्ध म्हणून खोडू नये. त्याचे मूळ फळ्यावर लिहून दाखवावे. घरचा शब्द हिणवला गेला, की घरचे माणूसही मुलाच्या मनातून उतरते.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने घरातील किंवा शेजारच्या वृद्धेस विचारून एक जुना शब्द अर्थासह वहीत लिहून आणावा.