बिछायतीची निगा

तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेले बुऱ्हाणपूर हे आज मध्यप्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण असले, तरी जुन्या खानदेशाचे ते राजधानीचे शहर होते. रावेर-भुसावळ भागाशी त्याचे येणेजाणे आजही पूर्वीसारखेच आहे. इ. स. १६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेश मोगल साम्राज्याचा सुभा झाला आणि बुऱ्हाणपूरच्या वस्त्रोद्योगाला बहर आला. सतराव्या शतकात येथे आलेल्या तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने इराण, तुर्कस्तान, अरबस्तान अशा दूरच्या देशांत जाणाऱ्या येथील तलम कापडाचे वर्णन करून ठेवले आहे. आज हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागाने घेतली असली, तरी सूत आणि कापड हीच या शहराची ओळख आहे.

कापडाच्या या गावात काय किंवा अन्यत्र काय, घरातील सर्वांत उपेक्षित वस्त्र म्हणजे पायाखालचे वस्त्र. अंगावरचा सदरा रोज धुतला जातो. जाजम, सतरंजी किंवा गालिचा मात्र वर्षानुवर्षे धूळ खात पडतो. पूर्वीच्या काळी राजदरबारी असे नव्हते. अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त फर्राशखान्याचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात गालिच्यांबरोबर जाजम आणि शतरंजी यांचाही उल्लेख आहे. तंबू, कनाती आणि बिछायत सांभाळणे हे त्या खात्याचे काम होते. पुण्यातील ‘फरासखाना’ हे नाव त्याच शब्दाची आठवण देते. आज घरोघरी फरास नाही. त्याचे काम कुटुंबालाच करावयाचे आहे, आणि ते रीतसर केल्यास साधी सुती सतरंजीदेखील अनेक वर्षे टिकते.

वस्त्राची ओळख

निगा राखण्यापूर्वी बिछायत कशाची आहे हे जाणून घेतले पाहिजे. जाजम हे बहुधा जाड सुती, पुष्कळदा छापील कापड असते. सतरंजीत ताणा सुताचा असतो आणि बाणा दाट ठोकून बसविलेला असल्याने ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. गालिच्यात ताण्याबाण्याच्या पायावर लोकरीची किंवा रेशमाची लव उभी केलेली असते. अलीकडे बाजारात मिळणारे पुष्कळसे गालिचे नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे असतात. त्यांना कसर लागत नाही. परंतु उदबत्तीची ठिणगी पडल्यास ते वितळून कायमचे भोक पडते.

सुताला पाणी आणि सौम्य साबण चालतो, आणि ओले सूत अधिक बळकट होते. लोकर मात्र भिजली की नरम व दुबळी होते. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि विरंजक चूर्ण ही तिची शत्रू होत. सतरंजीची रीत लोकरी गालिच्याला लावल्यानेच बरेचसे नुकसान होते.

प्रथम धूळ, मग पाणी

बिछायत पायांच्या वर्दळीने झिजते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खरी झीज होते ती तिच्यात रुतलेल्या रेतीमुळे. मातीतील रेतीचे कण कठीण व धारदार असतात. ते विणीतून खाली उतरून धाग्यांच्या मुळाशी बसतात. वरून पाऊल पडले की हे कण धाग्यावर कानशीसारखे घासतात आणि तो आतून तुटू लागतो. वरून स्वच्छ दिसणारी सतरंजी उचलताच तिच्याखाली धुळीचा थर आढळतो, तो याच कारणाने.

म्हणून निगेचा पहिला नियम असा की, धूळ कोरडी असतानाच काढावी. धूळ न काढता पाणी ओतल्यास तिचा चिखल होतो व तो धाग्यांत घट्ट बसतो. रोजच्या वापरातील बिछायत आठवड्यातून किमान एकदा उचलून खालची जमीन झाडावी. महिन्यातून एकदा ती उन्हात उलटी टाकावी आणि मागील बाजूने वेताच्या छडीने हलक्या हाताने झोडपावी, म्हणजे आतील रेती खाली गळून पडते. त्यानंतर ती सुलट करून लवेच्या दिशेने मऊ झाडूने झाडावी. घरी व्हॅक्यूम क्लीनर असल्यास तोही आधी उलट बाजूने व मग सुलट बाजूने फिरवावा. सतरंजी झटकताना तिच्या दशा धरून झटकू नये. दशा म्हणजे ताण्याचीच टोके होत. त्या तुटल्या की बाणा सुटू लागतो व संपूर्ण वीण उसवते. दशा झिजलेल्या दिसताच त्या कडेला जाड दोऱ्याने टीप घालावी. पाच मिनिटांचे हे काम सतरंजीचे आयुष्य वाढविते.

जमीन शेणाने सारवलेली असेल, तर ती पूर्ण वाळल्याशिवाय बिछायत अंथरू नये. शक्य तेथे खाली गोणपाट घालावे. काही महिन्यांनी बिछायतीची दिशा फिरवावी, म्हणजे दाराजवळचीच बाजू झिजत नाही.

धुण्याची रीत

धुण्यापूर्वी रंगाची परीक्षा घ्यावी. पांढरे फडके ओले करून सतरंजीच्या कोपऱ्यावर प्रत्येक रंगावर काही वेळ दाबून ठेवावे. फडक्याला रंग लागला, तर ती घरी भिजवू नये. रंग पक्का असल्यास सतरंजी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवावी, नंतर सौम्य साबणचुऱ्याच्या पाण्यात घालून मऊ ब्रशाने विणीच्या दिशेने घासावी. विहिरीचे पाणी जड असेल, तर साध्या साबणाला फेस येत नाही. त्याचा चिकट साका धाग्यांवर बसतो आणि त्यावर नवी धूळ लवकर धरते. अशा ठिकाणी डिटर्जंट वापरणे बरे. अखेरीस निघणारे पाणी नितळ दिसेपर्यंत सतरंजी खळबळावी.

साबणाचे पाणी नदीच्या घाटावर सोडू नये. नदीवर नेण्याऐवजी अंगणातच धुऊन ते पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

लोकरी गालिचा घरी बुडवून धुणे धोक्याचे असते. त्याचा वरचा भाग लोकरीचा असला, तरी पाया बहुधा सुती असतो. लव वरून कोरडी लागते, पण आतील सूत कित्येक दिवस ओले राहून कुजते. म्हणून रिठे भिजवून त्यांचा फेस काढावा, तो फडक्यावर घेऊन लवेच्या दिशेने पुसावे, स्वच्छ ओलसर फडक्याने फेस टिपावा आणि गालिचा त्याच दिवशी वाळवावा.

डागांचा विचार

डाग पडताच तो घासू नये, टिपावा. घासल्याने तो पसरतो व खोल जातो. टिपताना कडेकडून मध्याकडे यावे.

बुऱ्हाणपूर आणि रावेर हा केळीचा मुलूख आहे. केळीचा चीक कापडावर पडला की तो आरंभी दिसत नाही. हवा लागताच तपकिरी होतो आणि एकदा वाळला की क्वचितच निघतो. म्हणून बागेतून आलेल्या माणसाने चिकाचे कपडे बदलूनच बैठकीवर बसावे, आणि चीक सांडल्यास त्याच क्षणी भरपूर थंड पाण्याने धुवावे.

या शहरातील मावा जलेबी प्रसिद्ध आहे. तिच्या डागात तूप व पाक असे दोन दोष असतात. तुपासाठी डागावर शंखजिऱ्याची पूड तासभर पसरून ठेवावी आणि झाडून टाकावी. त्यानंतर पाकासाठी कोमट पाण्याचे फडके वापरावे. पाक राहिल्यास मुंग्या येतात. चहा व रक्त यांच्या डागांना थंड पाणीच लावावे. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, त्याने घाबरून जाऊ नये. साबण धुऊन काढल्यावर पांढऱ्या सुती कापडावरील हळद उन्हात फिकी पडते. डाग काढण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल घरात वापरू नये. त्यामुळे आगीचा धोका असतो.

ऊन, पावसाळा आणि साठवण

ओली सतरंजी फार जड होते. ती एकाच दोरीवर टाकल्यास मध्यभागी ताण पडून धागे तुटतात. दोन-तीन बांबूंवर किंवा स्वच्छ उतारावर ती पसरावी आणि पिळू नये. सुती बिछायत उन्हात वाळवावी. रंगीत असल्यास उलटी टाकावी. लोकरी गालिचा वाऱ्यावर, सावलीत वाळवावा.

या भागात मे महिन्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते. बिछायत धुण्याचा हाच योग्य हंगाम होय. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर धुतलेली सतरंजी नीट वाळत नाही आणि अर्धवट वाळलेल्या घडीत बुरशी धरते. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी ठेवणीतील बिछायत काही तास उघडी करावी.

गालिच्याची घडी घालू नये. घडीच्या रेषेवर धागे मोडतात. तो लवेच्या दिशेने बांबूवर गुंडाळून, स्वच्छ सुती कापडात बांधून, जमिनीपासून उंच ठेवावा. लोकरीला कसर लागते. हा किडा अंधारात व न हलविलेल्या जागी वाढतो, म्हणून वारंवार उघडून झाडणे हाच उत्तम उपाय होय. डांबराच्या गोळ्या ठेवल्यास त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत याची दक्षता घ्यावी, आणि बिछायत अंथरण्यापूर्वी ती वाऱ्यावर टाकावी.

आरोग्याचा प्रश्न

बिछायतीतील धुळीत माइट नावाचे, डोळ्यांना सहज न दिसणारे, कोळ्याच्या कुळातील जीव राहतात. त्यांची विष्ठा श्वासावाटे शरीरात गेल्यास काही व्यक्तींना शिंका येतात, तर काहींचा दमा बळावतो. हे जीव ओलसर हवेत वाढतात. म्हणून बिछायत कोरडी ठेवणे हा केवळ काटकसरीचा नव्हे, तर आरोग्याचाही विषय आहे. झोडपताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि दम्याच्या रुग्णाला, विशेषतः मुलांना, दूर ठेवावे. हे काम बहुधा घरातील स्त्रीवरच पडते. जड सतरंजी उचलणे, झोडपणे व वाळत घालणे हे दोघातिघांचे काम आहे. त्यात पुरुषांनी हात लावणे अगत्याचे आहे.

शाळेची आणि गावाची सतरंजी

घरच्या बिछायतीला निदान मालक तरी असतो. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या सतरंजीला तोही नसतो. खरेदीच्या वेळी तिची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत होते आणि फाटल्यावर निर्लेखनाच्या वेळी पुन्हा तिचा उल्लेख येतो. मधल्या काळात ती सभेला, लग्नाला व भजनाला जाते आणि ओली, मळकट अशीच खोलीत फेकली जाते. दुसऱ्या दिवशी त्याच सतरंजीवर पहिलीची मुले बसतात, तिच्यावर पाटी ठेवतात आणि तिचीच धूळ श्वासात घेतात.

यावर उपाय खर्चाचा नाही. एका व्यक्तीकडे जबाबदारी सोपवावी. सतरंजी बाहेर देताना व परत घेताना तारीख आणि स्थिती लिहावी. झाडून व वाळवून दिल्याशिवाय ती परत घेऊ नये. आठवड्यातून एक दिवस वर्गातील सतरंज्या उन्हात टाकाव्यात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना त्या झाडण्याची रीत दाखविल्यास कार्यानुभवाचा तो एक चांगला पाठ होईल.

कोरडी धूळ आधी काढावी, पाणी मागाहून व बेताने वापरावे आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी किंवा गुंडाळी करू नये, एवढे तीन नियम पाळले तरी पुरेसे आहे. ज्या बैठकीवर पाहुण्याला बसवावयाचे आणि मुलांना शिकवावयाचे, ती स्वच्छ राखणे हे घराचे व गावाचे कर्तव्यच होय.