बागेतला हौद, मासे आणि डास

पावसाळा आला की पुण्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची चर्चा सुरू होते. जून २०२४ मध्ये एरंडवणे भागात झिकाचेही रुग्ण आढळले. हे तिन्ही आजार मुख्यतः एडिस जातीचा डास पसरवतो. तो दिवसा चावतो आणि घराजवळ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे बागेत हौसेने बांधलेल्या हौदाकडे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहायला हवे.

मासे काय करतात?

डासाची अळी श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी येते. वरच्या थरात फिरणारे छोटे मासे तिला तिथेच टिपतात. डासनियंत्रणासाठी वापरला जाणारा गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणला गेला. आपल्या पश्चिम घाटातील ओढ्यांतही डोक्यावर चकचकीत ठिपका असलेला एक लहान मासा आढळतो. तोही पृष्ठभागालगत राहून अळ्या खातो.

काळजी कोणती घ्यावी?

• माशांना बाहेरून भरपूर खाद्य घालू नये. पोट भरलेला मासा अळ्यांकडे वळत नाही.
• काठावरचे गवत व शेवाळ काढत राहावे. दाट झाडोऱ्यात अळ्या लपतात.
• नळाचे ताजे पाणी एकदम भरू नये. त्यातील क्लोरीन माशांना घातक ठरते. पाणी एक दिवस उघडे ठेवून मग थोडे थोडे घालावे.
• हौदात कीटकनाशक टाकू नये. मोठे मासेही सोडू नयेत, ते लहानांना खातात.
• गप्पी व गॅम्बुशिया ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत. परके मासे स्थानिक माशांच्या व बेडकांच्या पिल्लांवर ताव मारतात.

एवढ्याने भागते का?

नाही. हौदात मासे असले, तरी कुंडीखालची ताटली, कूलर, जुने टायर, नारळाच्या करवंट्या येथे मासे राहू शकत नाहीत आणि एडिसला नेमक्या अशाच जागा आवडतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा भांडी घासून, पुसून कोरडी करावीत.

ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.