वरची कवळी मधोमधच का तुटते?

१९८२च्या संपात गिरणी सुटलेले लालबागचे एक आजोबा वरची कवळी दोन तुकड्यांत घेऊन आमच्या दंतविभागात आले. ‘पडली नाही, भाकरी खाताना तुटली’, हे त्यांचे म्हणणे कोणास पटेना. सवलतीचे अर्ज माझ्याकडे येत असल्याने, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही, विषय समजून घेतला.

टाळूच्या मध्यरेषेवरील आवरण पातळ, तर हिरड्यांवरील जाड व दबणारे असते. दात गेल्यावर हिरड्यांखालील हाड वर्षानुवर्षे झिजते. मग प्रत्येक घासाला कवळी मध्यरेषेवर टेकून दोन्ही बाजूंना वाकते.

हे संगणकावर पाहता येते. मुळात विमानांच्या सांगाड्यांसाठी विकसित झालेल्या या पद्धतीस १९६० साली रे क्लफ यांनी ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. कवळी, आवरण व हाड यांचे हजारो सूक्ष्म भाग कल्पून प्रत्येकाचा ताठरपणा भरावयाचा. अ‍ॅक्रिलिक आवरणाहून शेकडो पट ताठर असते. चावण्याचा भार दिला की ताण बहुधा पुढील दातांमागे मध्यरेषेवर आणि ओठाच्या बंधासाठी ठेवलेल्या खाचेत एकवटलेला दिसतो. तेथेच तडा सुरू होतो.

अर्थात तेरीज जुळली म्हणून नोंदी खऱ्या ठरत नाहीत. आवरण प्रत्येकाचे निराळे. भरलेला आकडा चुकला तर चित्र सुबक, पण खोटे.

आजोबांची कवळी नुसती सांधली असती, तर पुन्हा तेथेच तुटण्याचा संभव होता. नवे माप घेऊन, मध्यरेषेवर किंचित मोकळीक ठेवून दुसरी करून दिली. अर्जावरील ‘निष्काळजीपणा’ हा शेरा मी खोडला.