धर्माच्या नावाने झालेले दुष्कृत्य कोणाच्या खात्यावर?



युवकांच्या बैठकीत कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "फादर, गोव्यातल्या इन्क्विझिशनला आपला धर्म जबाबदार की माणसे?" मी तोंड उघडण्याआधीच एका वडीलधाऱ्यांनी उत्तर दिले, "अरे, ते खरे ख्रिस्ती नव्हतेच!" विषय तिथे थांबला. मुलाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही.

आधी घडले काय ते पाहू. गोव्यात हे न्यायालय १५६० साली सुरू झाले. मधली चार वर्षे (१७७४ ते १७७८) सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होती, म्हणून तिथले ख्रिस्तीही त्याच्या कक्षेत येत. त्याचा जाच मोठ्या प्रमाणात नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच झाला. १७३६ च्या हुकूमनाम्यात तर अंगणातली तुळस, बिनमिठाचा भात, धोतर आणि चोळी यांवरही बंदी होती. घरातल्या भाताच्या भांड्यापर्यंत धर्माचा पहारा!

"खरे ख्रिस्ती नव्हते" हे उत्तर सोयीचे आहे. पण हे न्यायालय यावे म्हणून पोर्तुगालच्या राजाला १५४६ साली पत्र लिहिले ते संत फ्रान्सिस झेवियर यांनी. त्यांना आपण कोणत्या तोंडाने परके म्हणणार? "ते राजाचे काम होते" हेही अर्धेच खरे. राजाचा हात होताच, पण न्यायासनावर धर्माधिकारी बसत. शिवाय शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांचे श्रेय घेताना आपण "ही ख्रिस्ती प्रेमाची सेवा" असे म्हणतो. जमेच्या बाजूला धर्माचे नाव लिहायचे आणि खर्चाच्या बाजूला फक्त माणसांचे, असा हिशेब कोणी मान्य करील का?

मग सगळा दोष धर्माचाच का? इथे सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा तास आठवतो. एखादी गोष्ट धर्माच्या नावाने झाली आणि ती धर्मातून निघाली, ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे सिद्ध करायला शिकवणुकीत शिरावे लागते. शिरल्यावर जे दिसते ते मात्र आपल्याला अवघड वाटणारे आहे. लूकच्या १४ व्या अध्यायातील मेजवानीच्या दाखल्यात धनी लोकांना आग्रह करून आत आणायला सांगतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिन यांनी डोनाटिस्ट पंथीयांवरील सक्तीच्या समर्थनासाठी याच वचनाचा आधार घेतला. पुढे तो अनेकांनी घेतला. म्हणजे बळजबरी करणाऱ्यांच्या हातातही शुभवर्तमानच होते. पण त्याच शुभवर्तमानात, मत्तयच्या १३ व्या अध्यायात, शेतातले निदण कापणीपर्यंत उपटू नका असेही सांगितले आहे. कोणते वचन पुढे करायचे आणि कोणते मागे ठेवायचे, हे माणसांनी ठरवले. त्याच काळात, त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स इथल्या माणसांच्या भाषेत 'ख्रिस्तपुराण' रचत होते. ते १६१६ साली छापले गेले. धर्म एकच, पण त्यातून माणसांनी घेतले वेगवेगळे.

चुकीच्या वाचनाला धर्मसभेने दुरुस्ती केली, पण उशिरा. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात धर्मसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या रक्षणासाठी वापरलेल्या शुभवर्तमानाशी विसंगत मार्गांची कबुली त्यात होती. ती प्रार्थना कार्डिनल रॅटझिंगर यांनी म्हटली. पुढे तेच पोप बेनेडिक्ट सोळावे झाले.

त्या निमित्ताने ईशज्ञान आयोगाने केलेला एक भेद मला पटतो. पाप करणाऱ्याचा वैयक्तिक दोष त्याच्या मृत्यूबरोबर संपतो, तो नातवंडांच्या माथी येत नाही. मात्र जखमेची आठवण आणि तिचे परिणाम मागे उरतात, आणि त्यांचा भार आपल्याकडे येतो. वडील कर्ज ठेवून गेले तर मुलगा गुन्हेगार ठरत नाही. पण घर त्याने घेतले असेल, तर दारात आलेल्या सावकाराला "मी तुम्हाला ओळखत नाही" असे त्याने म्हणू नये.

त्या मुलाला एवढेच सांगून मी मोकळा होऊ इच्छित नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर युवकांची बैठक पुन्हा आहे. त्या वडीलधाऱ्यांनाही मी मुद्दाम बोलावले आहे.

तुमचा धर्मगुरू